डिझेल उधार, पण किती दिवस?

उधारी म्हणजे काय, हे आपल्या होस्टेलमध्ये कुणाला शिकवावे लागत नाही. कँटीनची वही सगळ्यांना ठाऊक आहे! पण धंद्यातल्या उधारीचे गणित वेगळे असते, हे मला दिवाळीच्या सुट्टीत कळले.

माझ्या मामाचे तासगावला तीन ट्रक आहेत. त्याने डिझेलच्या फ्लीट कार्डाचा अर्ज आणला आणि माझ्यापुढे टाकला. “तू कॉन्व्हेंटची ना, मग वाच की!” मी फाडफाड वाचला. “आता अर्थ सांग,” म्हटल्यावर मात्र माझी बोलती बंद. मग शेजारच्या सीए काकांकडे दोन संध्याकाळी बसले. जे समजले ते इथे मांडते.

आपल्याकडे इंडियन ऑइलचे एक्स्ट्रापॉवर, भारत पेट्रोलियमचे स्मार्टफ्लीट, हिंदुस्तान पेट्रोलियमचे ड्राइव्हट्रॅक प्लस अशी कार्डे आहेत. आधी पैसे भरायचे आणि मग डिझेल घ्यायचे, ही त्यातली साधी पद्धत. उधारी हवी असेल तर बहुधा मध्ये बँक किंवा फायनान्स कंपनी येते. डिझेल पंपावर घेतले तरी देणेकरी आपण तिचे.

पहिला शब्द, क्रेडिट पिरियड. अर्जात ठळक अक्षरांत होते, ‘२१ दिवसांपर्यंत बिनव्याजी’. सगळी गोम त्या ‘पर्यंत’मध्ये आहे. १ ते १५ तारखेचे बिल १५ ला निघणार, पैसे २२ पर्यंत भरायचे. म्हणजे १ तारखेच्या डिझेलला २१ दिवस मिळाले, पण १५ तारखेच्या डिझेलला फक्त ७. आणि मामाला व्यापाऱ्यांकडून भाडे मिळते दीड महिन्याने!

दुसरा, लेट पेमेंट. दरमहा २ टक्के वाचायला किरकोळ वाटते. पण वर्षाचे ते २४ टक्के झाले, आणि दरमहा व्याजावर व्याज चढले तर जवळजवळ २७. व्याज देय तारखेपासून धरणार की डिझेल भरल्या दिवसापासून, हेही विचारून घ्यावे.

तिसरा, क्रेडिट लिमिट. मामाला २ लाख भरपूर वाटत होते. मी हिशोब मांडला. तीन ट्रक, रोज प्रत्येकी ७० लिटर, सोयीसाठी भाव ९० रुपये धरला, तर दिवसाला १८,९०० रुपये. म्हणजे ११ व्या दिवशी लिमिट संपणार आणि ट्रक पंपावर उभा! बिल भरेपर्यंत लिमिट मोकळे होत नाही, त्यामुळे २१ दिवसांची सवलत पुरती वापरायची तर लिमिट ४ लाखांच्या आसपास हवे.

शेवटचा शब्द सगळ्यात जड, गॅरंटी. मामा आईला म्हणाला, “ताई, तू फक्त इथे सही कर.” आईने पेन हातात घेतलेसुद्धा होते. पण भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १२८ प्रमाणे, करारात वेगळे लिहिले नसेल तर जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. त्यात ‘जॉइंटली अँड सेव्हरली’ लिहिले असेल तर कंपनी सगळी रक्कम दोघांपैकी कुणाही एकाकडून मागू शकते. शिवाय ही हमी एका बिलापुरती नसते, पुढच्या बिलांनाही चालू राहते. पुढच्या व्यवहारांसाठी ती नोटीस देऊन काढून घेता येते (कलम १३०), पण तोवरचे देणे सुटत नाही. हे वाचले तेव्हा मी जराशी घाबरलेच. आईचे नाव त्या कागदावर, आणि ट्रक कुठे, डिझेल किती, याचा तिला पत्ता नाही!

मामा दोन दिवस माझ्यावर रुसला होता. मग त्याने आधी पैसे भरायचे कार्ड घेतले. सहा महिने हिशोब नीट ठेवून, स्वतःच्या नावावर, आईच्या सहीशिवाय उधारी मिळते का ते तो बघणार आहे.

मित्रांनो, उद्या तुमच्याही घरचा कुणी “तू शिकलेला ना, वाच” म्हणून असा कागद पुढे करील. दिवस कुठल्या तारखेपासून मोजणार, लिमिट कधी मोकळे होणार आणि बुडाले तर कुणाच्या दारात येणार, एवढे तीन प्रश्न सहीच्या आधी विचारा.