गिअरबॉक्स, सोलेनॉइड आणि हलाल रोजी

कोकणातून रोजगारासाठी आखातात गेलेल्या आपल्या बांधवांना ऑटोमॅटिक गाडीचे अप्रूप नाही. तिकडे बहुतेक गाड्या तशाच असतात. आपल्याकडे गेल्या दहा-पंधरा वर्षांत त्या वाढल्या आणि त्यांच्याबरोबर घरात एक नवी धास्तीही आली. गाडी झटके देऊ लागते, चढणीला दम टाकते आणि गॅरेजमधून निरोप येतो, "गिअरबॉक्स गेला." मुलांच्या फीसाठी किंवा उमराहसाठी बाजूला ठेवलेली रक्कम डोळ्यांसमोरून जाते. अशा वेळी एक गोष्ट माहीत असावी. दोष कधी कधी अख्ख्या गिअरबॉक्सचा नसतो. तो सोलेनॉइड नावाच्या बोटभर भागाचा असतो आणि तेवढाच भाग बदलता येतो.

सोलेनॉइड म्हणजे तांब्याच्या बारीक तारेची गुंडाळी आणि तिच्या आत सरकणारी लोखंडी दांडी. वीज आली की गुंडाळी लोहचुंबक बनते, दांडी सरकते आणि तेलाची वाट उघडते किंवा बंद होते. ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये गिअर पडतो तो तेलाच्या दाबावर. कोणत्या क्लचकडे दाब जावा, हे गाडीचा कॉम्प्युटर ठरवतो आणि त्याचा हुकूम सोलेनॉइड अमलात आणतो.

टोयोटाच्या ए३४० जातीच्या चार गिअरच्या जुन्या गिअरबॉक्सचे उदाहरण घेऊ. त्यात गिअर बदलण्यासाठी दोन सोलेनॉइड असतात. पहिला चालू, दुसरा बंद, तर पहिला गिअर. दोन्ही चालू, तर दुसरा. पहिला बंद, दुसरा चालू, तर तिसरा. दोन्ही बंद, तर चौथा. दोन बटणांवर चार गिअर! आता पहिला सोलेनॉइड मेला, तर पहिला आणि दुसरा गिअर मिळणारच नाही. कॉम्प्युटर सांभाळून घेतो आणि गाडी तिसऱ्या गिअरमध्येच उठवतो. चालवणाऱ्याला वाटते, गाडीची ताकदच संपली. प्रत्यक्षात क्लच, गिअर, सगळे शाबूत असू शकते.

म्हणून आधी तपासणी, मग पाना. जाणकार कारागीर प्रथम गिअरबॉक्सचे तेल पाहतो. ते कमी असेल, तरी झटके बसतात. तेल काळे पडले असेल, जळका वास येत असेल, तर क्लचच्या चकत्या झिजल्याची शंका घ्यावी. तेथे नुसता सोलेनॉइड बदलून भागत नाही. नंतर स्कॅनर लावतात. पी०७५० हा कोड 'शिफ्ट सोलेनॉइड ए'चा, पी०७५५ हा 'बी'चा. मात्र कोड दोष कोणत्या बाजूला आहे एवढेच सांगतो. तुटलेली वायर किंवा गंजलेला कनेक्टरही तोच कोड देऊ शकतो. म्हणून शेवटी मीटर लावून गुंडाळीचा रोध मोजावा लागतो. वरील टोयोटात तो थंड असताना ११ ते १५ ओहम असायला हवा. इतर गाड्यांचे आकडे वेगळे असतात आणि ते त्या त्या गाडीच्या दुरुस्ती पुस्तकातच पाहावे. काही गुंडाळ्या थंड असताना बरोबर दाखवतात आणि तापल्यावर दगा देतात, त्यामुळे गरम असतानाही मोजलेले बरे.

बदलण्याचे काम नाजूक आहे; घराच्या अंगणात जॅकवर गाडी उचलून ते करू नये. गॅरेजमध्ये गाडी पक्क्या आधारावर घेऊन तेल काढतात. काढलेले तेल मोजून ठेवतात. मग खालचे पॅन उतरवतात. त्यातल्या चुंबकावर राखेसारखी बारीक भुकटी असणे साधारण आहे. धातूचे तुकडे दिसले, तर दुखणे मोठे आहे. वर व्हॉल्व्ह बॉडीवर सोलेनॉइड बोल्टने बसवलेले असतात. खराब भाग काढून नवा बसवताना त्याच्या रबरी रिंगला तेच तेल लावतात. बोल्ट हाताच्या अंदाजाने आवळत नाहीत, टॉर्क रेंचने आवळतात, कारण अॅल्युमिनियमचे आटे चटकन जातात. फिल्टर आणि पॅनचे गॅस्केट त्याच वेळी बदलावे. तेल कंपनीने सांगितलेलेच आणि मोजूनच भरावे. शेवटी कोड पुसून, तेल तापल्यावर पातळी पुन्हा पाहून, गाडी रस्त्यावर चालवून बघतात.

या सगळ्यात ग्राहकाला दिसते काय? काहीच नाही. पॅनच्या आत काय आहे, ते फक्त कारागिराला ठाऊक. आम्हाला येथे धान्याच्या ढिगाचा तो प्रसिद्ध प्रसंग आठवतो. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाजारात एका ढिगात हात घातला, तेव्हा आतले धान्य ओले लागले. पावसाने भिजले, असे विक्रेत्याने सांगितले. मग ते लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही, असे त्यांनी विचारले आणि फसवणाऱ्याशी आपला संबंध नाकारला. बंद गिअरबॉक्स हाही असाच ढीग आहे. पाचशेचा दोष सांगून पन्नास हजार घेणे जसे चूक, तसेच क्लच जळालेला असताना सोलेनॉइड बदलून गाडी ग्राहकाच्या हाती देणेही चूक. गाडी ही गॅरेजमध्ये ठेवलेली अमानत आहे.

आपल्या समाजातील कितीतरी मुलांची रोजी गॅरेजवर आहे. उस्तादांच्या हाताखाली त्यांनी कानाने इंजिन ओळखायला शिकले. त्या हुनराला आता मीटर, स्कॅनर आणि पुस्तक वाचण्याची जोड हवी. दहावीनंतर आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. पालकांनी मुलाला गॅरेजवर धाडण्याआधी त्याचा विचार करावा. ज्याला मोजता येते, त्याला अंदाजाने मोठा भाग बदलावा लागत नाही.

ग्राहकांचीही जबाबदारी आहे. कोड कोणता आला, मीटरने काय दाखवले, हे नम्रपणे विचारावे. जुना भाग परत मागावा, बिल लिहून घ्यावे. आणि तपासणीत तास गेला असेल, तर "तुम्ही तर काही बदललेच नाही" असे म्हणून मजुरी कापू नये. मजुराचा घाम सुकण्याआधी त्याचा मोबदला देण्याची आपली शिकवण आहे, आणि दोष शोधणे हीही मेहनतच आहे. तिचे दाम मिळाले, तर कारागिराला नको असलेला भाग गळ्यात मारण्याची गरज उरत नाही. अशा व्यवहारात दोन्ही घरांत बरकत येईल, इन्शाअल्लाह.