घरची शाळा आणि मुलाजवळ बसणारे माणूस

शिकवणारा एका ठिकाणी आणि शिकणारा दुसऱ्या ठिकाणी असताना, पत्र, आकाशवाणी, दूरचित्रवाणी किंवा मोबाइल अशा माध्यमातून जे अध्यापन होते त्यास दूरशिक्षण म्हणतात. मुक्त विद्यापीठातील प्रौढ विद्यार्थी हे शिक्षण स्वतःच्या जबाबदारीवर घेऊ शकतो. कारण त्याला वाचता येते, वेळ आखता येतो आणि अडले काय हे शब्दांत सांगता येते. पहिली ते चौथीच्या मुलापाशी ही तिन्ही साधने अजून घडत असतात. म्हणून या वयाच्या दूरशिक्षणात माध्यमाइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, महत्त्व मुलाजवळ बसणाऱ्या मोठ्या माणसाला असते.

मार्च 2020 मध्ये कोरोनाच्या साथीमुळे शाळा बंद झाल्या तेव्हा ही गोष्ट महाराष्ट्राला प्रथमच इतक्या व्यापक प्रमाणावर अनुभवावी लागली. रायगड जिल्ह्यावर तर 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ आदळले आणि नव्या शैक्षणिक वर्षाच्या तोंडावर अनेक गावांत विजेचे खांब कोसळले, त्यामुळे ज्या साधनांवर शिक्षणाची भिस्त होती ती साधनेच बंद पडली. शासनाने ‘शाळा बंद पण शिक्षण सुरू’ या उपक्रमाद्वारे शिक्षकांमार्फत पालकांच्या मोबाइलवर अभ्यास पाठवला, पाठ्यपुस्तकांतील क्यूआर कोड दीक्षा ॲपवरील पाठांशी जोडलेले होतेच, आणि जुलैपासून सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीसाठी ‘टिलीमिली’ मालिका सुरू झाली. जुलै 2020 च्या मार्गदर्शक सूचनांत पहिली-दुसरीच्या 30 मिनिटांच्या ऑनलाइन सत्रातील 15 मिनिटे पालकांशी संवाद साधून त्यांना मार्गदर्शन करण्यासाठी आणि 15 मिनिटे उपक्रमांतून शिकवण्यासाठी ठेवली होती. लहान मुलाला शिकवण्याचा मार्ग त्याच्या पालकातून जातो, याची ती अधिकृत कबुलीच होती.

याच रायगड जिल्ह्यात पाताळगंगेच्या खोऱ्यातील आपटा गाव आणि त्याच्या आसपासचा परिसर पाहिला तर हा मार्ग किती अवघड आहे ते कळते. एकीकडे रसायनी-पाताळगंगेचे कारखाने आणि पनवेल-रोहा रेल्वेमार्ग, तर दुसरीकडे डोंगराच्या कुशीतील कातकरी व ठाकूर समाजाच्या वाड्या, असे येथील जीवन आहे. कारखान्यातील कामगाराची पाळी असली की घरातला एकमेव मोबाइल त्याच्याबरोबर जातो, आणि अनेक कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्टीवर स्थलांतर करून पावसाळ्याच्या आधी परततात. ग्रामीण भारताची पाहणी करणाऱ्या ‘असर’ अहवालानुसार 2021 मध्ये शाळेत नाव असलेल्या मुलांपैकी 67.6 टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन होता. पण अशा घरांतील 26.1 टक्के मुलांना तो वापरायला मिळत नव्हता. घरात मोबाइल असणे आणि तो मुलाच्या हाती असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मग मोठ्या माणसाने नेमके काय करावयाचे? वुड, ब्रूनर आणि रॉस या अभ्यासकांनी 1976 मध्ये यासाठी जी कल्पना मांडली, तिला मराठीत ‘परांची’ म्हणता येईल. भिंत उभी राहीपर्यंत गवंडी बांबूंची परांची बांधतो आणि काम होताच ती काढून घेतो. त्याचप्रमाणे मुलाला एकट्याने जमत नाही तेवढ्यापुरताच आधार द्यावा, आणि जमू लागताच तो कमी करत जावा. वजाबाकी अडली असता उत्तर सांगणे ही परांची नव्हे, तर चिंचोके पुढे ठेवून ‘यातले किती काढायचे?’ असे विचारणे ही परांची होय. मुलाच्या वहीत स्वतः लिहून गृहपाठ पूर्ण करून देणारा पालक मात्र भिंतच स्वतः बांधतो, आणि मूल गवंडी होत नाही.

हा आधार देण्यासाठी साक्षर असणेही अपरिहार्य नाही. निरक्षर आईने मुलाला धडा मोठ्याने वाचायला सांगावा आणि ‘पुढे काय झाले?’ एवढे विचारावे. वाचलेले स्वतःच्या शब्दांत सांगता येणे हीच आकलनाची खरी परीक्षा आहे. मापाने तांदूळ मोजणे, बाजारात मासळीच्या वाट्यांचा हिशेब करणे, भाकरीचे सारखे भाग करणे यांतून संख्या आणि अपूर्णांक हाताशी येतात. आजीच्या गोष्टींतून, गाण्यांतून आणि कोड्यांतून शब्दसंपत्ती वाढते, आणि ती कातकरी किंवा आगरी बोलीत असली तरी मुलाचे नुकसान होत नाही, कारण घरची भाषा पक्की असलेले मूल पुस्तकातील प्रमाण मराठीकडे अधिक विश्वासाने वळते. बैठक पंधरा-वीस मिनिटांची, शक्यतो रोज ठरलेल्या वेळी असावी, आणि मोबाइलवरील पाठ मुलाला एकटे न सोडता सोबत पाहून मधेमधे थांबवावा.

तथापि, हा भार एकट्या कुटुंबावर टाकणे अन्यायाचे ठरेल. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी पूर्वीच्या ठाणे जिल्ह्यातील कोसबाड येथे आदिवासी मुलांसाठी बालवाडी त्यांच्या अंगणात नेली आणि गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा चालवली; मूल शाळेत येऊ शकत नसेल तर शाळेने मुलाकडे जावे, हे तत्त्व महाराष्ट्रात असे जुनेच आहे. आठवड्यातून एकदा वाडीवर जाणारा शिक्षक, दहावी-बारावीची ताई शेजारच्या चार मुलांना घेऊन बसेल अशी पडवी, आणि वीटभट्टीवर जाणाऱ्या मुलाच्या पिशवीत ठेवलेली गोष्टींची दोन पुस्तके यांनी घराला शाळेचा हात मिळतो.

महाराष्ट्राच्या ग्रामीण भागातील पहिली ते चौथीचे वर्ग 1 डिसेंबर 2021 रोजी, म्हणजे सुमारे वीस महिन्यांनी उघडले. ‘असर’च्याच पाहणीनुसार ग्रामीण भारतात दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकणाऱ्या तिसरीच्या मुलांचे प्रमाण 2018 मध्ये 27.3 टक्के होते, ते 2022 मध्ये 20.5 टक्क्यांवर आले. ती साथ सरली, पण अतिवृष्टीची सुट्टी, दीर्घ आजार आणि स्थलांतर यांमुळे मूल घरी राहण्याचे प्रसंग संपलेले नाहीत. अशा प्रत्येक दिवशी घरातील एका तरी मोठ्या माणसाने मुलाजवळ पंधरा मिनिटे बसावे, आणि कसे बसावे हे शाळेने त्याला आधीच शिकवून ठेवावे.