गिरणगावाचा घेर

मुंबई महापालिकेने जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने 2021 मध्ये शहरातल्या 18 ते 69 वर्षांच्या लोकांची पाहणी केली. 46 टक्के मुंबईकरांचं वजन प्रमाणाबाहेर निघालं आणि 12 टक्के लठ्ठ या वर्गात बसले. 34 टक्क्यांना उच्च रक्तदाब होता, 18 टक्क्यांची उपाशीपोटीची साखर वाढलेली होती, आणि तब्बल 94 टक्के लोक रोज पुरेशी भाजी-फळं खात नव्हते. निम्म्या शहराचं जर हे असेल, तर ‘जरा तोंडावर ताबा ठेवा’ असं एकेकट्याला सुनावून काय साधणार? गिरगाव, दादर, परळ, लालबागमध्ये अनेक गोष्टी वाडीने, चाळीने, मंडळाने मिळून होतात. वजनाचा प्रश्नही तसाच हाताळायला हवा.

काटा नको, टेप घ्या

भारतीयांची चरबी पोटावर लवकर साठते आणि मधुमेह, हृदयविकार तिच्याच मागून येतात. म्हणून आपल्यासाठी रेषा थोडी अलीकडे ओढली आहे. किलोमधल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागायचं. उत्तर 23 च्या पुढे गेलं की वजन जास्त, 25 च्या पुढे लठ्ठपणा. एवढं गणित नको असेल तर शिंप्याची टेप पुरते. कंबर पुरुषांत 90 सेंटिमीटरच्या आणि बायकांत 80 च्या पुढे गेली की सावध व्हायचं. टेप लावताना पोट आत ओढायचं नाही, हे आपल्या पुरुषमंडळींना मुद्दाम सांगावं लागतं.

भोंगा बंद झाला, ताट तेच राहिलं

18 जानेवारी 1982 ला सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले. त्यानंतर हळूहळू परळ-लालबागच्या गिरणगावाचं कामच बदललं. साच्यावर आठ तास उभं राहणाऱ्यांची मुलं-नातवंडं खुर्चीवर बसून काम करू लागली. तळमजला अधिक तीन मजल्यांच्या चाळींच्या जागी टॉवर आले, जिन्याची जागा लिफ्टने घेतली. मेहनत कमी झाली, पण ताटातला भाताचा ढीग मात्र आजोबांच्या मापाचाच राहिला. वर नाक्यावरचं खाणं आलं. वडापाव 1966 च्या सुमारास दादर स्टेशनाबाहेर सुरू झाला, तेव्हा तो घाईतल्या कष्टकऱ्याचं पोटभर जेवण होता. आता आपण तो चार वाजता चहाबरोबर ‘काहीतरी तोंडात टाकायला’ खातो आणि रात्री पुन्हा रीतसर जेवतो. उपवासाची तर बातच नको; साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा चिवडा, शेंगदाण्याचा लाडू म्हणजे एकादशी अन् दुप्पट खाशी.

तेलाच्या डब्यावर तारीख लिहा

पोषणाचं शिक्षण म्हटलं की प्रथिनं-कर्बोदकांचे तक्ते भिंतीवर लागतात आणि लोक पाठ फिरवतात. त्यापेक्षा एकच हिशेब करून पाहा. माणशी दिवसाला 20 ते 30 ग्रॅम तेल-तूप पुरतं. चौघांच्या घराला महिन्याला अडीच ते साडेतीन किलो. पिशवी फोडली की तिच्यावर तारीख लिहायची. ती किती दिवस पुरली हे घरातल्या प्रत्येकाला दिसतं. साखर माणशी दिवसाला 20 ते 25 ग्रॅम, म्हणजे चार-पाच चमचे. दिवसातून चार वेळा गोड चहा घेणाऱ्याचा कोटा चहातच संपतो. मिठाची मर्यादा 5 ग्रॅमची. पालिकेच्या पाहणीत मुंबईकर सरासरी 8.6 ग्रॅम खाताना आढळले. लोणचं, पापड, फरसाण, चिवडा यांतून ते नकळत पोटात जातं.

यासाठी वेगळं ‘डाएट’चं सामान आणावं लागत नाही. ज्वारी-नाचणीची भाकरी, मुगाची उसळ, पालेभाजी, कोशिंबीर, ताक आणि तळण्याऐवजी कालवणातली मासळी हे सगळं आपल्याच स्वयंपाकात आहे. अर्धं ताट भाजी-कोशिंबिरीचं, पाव डाळ-उसळ-मासळीचं आणि पाव भात-भाकरीचं, एवढी वाटणी पुरे.

हे शिकवायचं कुणाला? आपल्याकडे बाहेरच्या पोळी-भाजीवर जगणारे पुष्कळ आहेत. गिरण्यांच्या काळात कामगारांना जेवू घालणाऱ्या खानावळवाल्या बायकांना संघटित करून प्रेमा पुरव यांनी 1975 मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. तोच धागा पुढे न्यावा. चाळीस जणांचे डबे करणाऱ्या एका ताईंनी फोडणीतलं तेल निम्मं केलं, तर चाळीस व्याख्यानांनी होणार नाही ते होईल.

चालणं किती उपयोगाचं?

इथे थोडी निराशा पत्करावी लागते. एका वडापावात साधारण 300 कॅलरी असतात. शिवाजी पार्कच्या कट्ट्याभोवतीची एक फेरी एक किलोमीटरहून थोडी जास्त भरते. तो वडापाव जिरवायला तशा चार-पाच फेऱ्या माराव्या लागतात. नुसत्या चालण्याने वजन झपाट्याने उतरत नाही, उतरतं ते ताटाने. पण उतरलेलं टिकवायचं आणि साखर-रक्तदाब आटोक्यात ठेवायचा तर व्यायामाला पर्याय नाही. आठवड्याला 150 मिनिटं भरभर चालणं आणि दोन दिवस स्नायूंचा व्यायाम, हे जागतिक आरोग्य संघटनेचं किमान माप.

जागांची चणचण आहे, पण परंपरेची नाही. दादरचं श्री समर्थ व्यायाम मंदिर 1925 पासून चालू आहे. तिथले मल्लखांब प्रशिक्षक उदय देशपांडे यांना 2024 मध्ये पद्मश्री मिळाली. सेनापती बापट मार्गावर कामगार कल्याण मंडळाचं हुतात्मा बाबू गेनू क्रीडा भवन आहे, पालिकेची शिव योग केंद्रं आहेत. खोट एवढीच की जुन्या व्यायामशाळा बहुतेक पुरुषांच्या राहिल्या. चाळिशीच्या बाईला दुपारची जेमतेम तासभर उसंत मिळते आणि तेव्हा मंडळाची खोली कुलूपबंद असते. ती उघडायला पैसे लागत नाहीत.

दीक्षित की दिवेकर?

डॉ. जगन्नाथ दीक्षित सांगतात, दिवसातून दोनदाच जेवा. ऋजुता दिवेकर सांगतात, थोड्या थोड्या वेळाने खा. यावर घराघरांत वाद झडतात. जे वर्षभर निभेल ते करावं. मधुमेहाची गोळी किंवा इन्शुलिन चालू असणाऱ्यांनी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय जेवणाच्या वेळा बदलू नयेत.

दोन फ्रेंच गावांचा अनुभव

उत्तर फ्रान्समधल्या फ्लेर्बे आणि लावांती या छोट्या गावांत 1992 मध्ये शाळेतून पोषणाचे धडे सुरू झाले. पहिली काही वर्षं जादा वजनाची मुलं वाढतच राहिली. पुढे डॉक्टर, दुकानदार, क्रीडासंस्था, नगरपालिका असं अख्खं गाव त्यात उतरलं. 2004 मध्ये तिथल्या जादा वजनाच्या मुलांचं प्रमाण 8.8 टक्के होतं, तर तुलनेला घेतलेल्या शेजारच्या गावांत 17.8 टक्के. नुसते धडे पुरले नाहीत, हे आपण ध्यानात घेण्याजोगं आहे.

लालबागला किंवा सार्वजनिक गणेशोत्सव 1893 पासून चालवणाऱ्या गिरगावाला माणसं जमवायची कला शिकवायला नको. उत्सवात रक्तदान शिबिरं होतातच. यंदाच्या शिबिरात एक टेप ठेवा, प्रत्येकाची कंबर मोजा, नावं जाहीर न करता मजल्यामजल्याची सरासरी फलकावर लिहा आणि होळीला पुन्हा मोजा. मंडळाच्या खोलीची एक किल्ली महिला मंडळाकडे द्या.