विचारल्यावरच उमटणारी यादी

५ सप्टेंबर २०१७ रोजी लखनौ मेट्रोचं उद्घाटन झालं, तेव्हा तिची स्थानकं आठ होती: ट्रान्सपोर्टनगर, कृष्णानगर, सिंगारनगर, आलमबाग, आलमबाग बसस्थानक, मवैया, दुर्गापुरी आणि चारबाग. डेस्कटॉपवरच्या एका खिडकीत ही आठ नावं एकाखाली एक दाखवायची आहेत असं समजू. काम अगदी किरकोळ वाटतं, पण ते नीट करायला गेलं की संगणकशास्त्रातली एक फार देखणी कल्पना हाती लागते.

पडद्यावर यादी रेखाटणाऱ्या भागाला ‘व्ह्यू’ म्हणतात, आणि या व्ह्यूकडे स्वतःचं असं एकही नाव नसतं! नावं असतात ‘मॉडेल’कडे. व्ह्यू फक्त प्रश्न विचारतो. क्यूटी या लोकप्रिय साधनसंचात पहिला प्रश्न असतो ‘रो-काउंट’: ओळी किती? मॉडेल सांगतं, आठ. दुसरा प्रश्न ‘डेटा’: तिसऱ्या क्रमांकाच्या ओळीत काय लिहू? मोजणी शून्यापासून, म्हणून उत्तर येतं आलमबाग. त्याच ओळीसाठी चित्र कोणतं, मजकूर डावीकडे की मध्यभागी, माउस नेल्यावर कोणती माहिती दाखवायची, असे प्रश्नही ‘डेटा’मार्फतच येतात. प्रत्येक प्रकाराला एक क्रमांक असतो, त्याला ‘रोल’ म्हणतात. २५६पासून पुढचे रोल प्रोग्रामरसाठी मोकळे ठेवलेले आहेत. ‘स्थानक भूमिगत आहे का?’ हा आपला खास प्रश्न तिथे बसवता येतो.

नुसती वाचायची यादी असेल तर या दोन प्रश्नांची उत्तरं दिली की स्वतःचं मॉडेल तयार! उत्तर फाइलमधून आणा, डेटाबेसमधून आणा, नाहीतर त्या क्षणी हिशेब करून द्या; व्ह्यूला फरक पडत नाही. दहा लाख वर्गसंख्यांची यादी करायची असेल तर एकही संख्या साठवावी लागत नाही. ओळ क्रमांक आला की त्याचा वर्ग करून परत द्यायचा. सगळ्या ओळींची उंची सारखी आहे एवढं व्ह्यूला आधी सांगून ठेवलं, तर तो डोळ्यांसमोरच्या मोजक्या ओळींपुरतंच विचारतो. बाकीच्या लाखो ओळी नुसत्या शक्यता म्हणून शिल्लक राहतात.

या विभागणीची पायाभरणी नॉर्वेच्या ट्रिग्वे रेन्सकाऊग यांनी १९७८-७९मध्ये कॅलिफोर्नियातल्या झेरॉक्स पार्क या प्रयोगशाळेत केली. माणसाच्या मनातली माहिती आणि संगणकातली माहिती यांच्यातलं अंतर मिटवायचं, हा त्यांचा ध्यास होता. नॉर्वेतच जन्मलेल्या क्यूटीने २००५च्या चौथ्या आवृत्तीत आपल्या याद्या, तक्ते आणि वृक्षरचना याच तत्त्वावर नव्याने बांधल्या.

खरी कसोटी यादी बदलते तेव्हा लागते. ८ मार्च २०१९ रोजी मार्ग दोन्ही टोकांना वाढला. वर विमानतळ आणि अमौसी ही दोन स्थानकं आली, खाली हुसैनगंजपासून मुन्शीपुलियापर्यंत अकरा, एकूण एकवीस. समजा, आपल्या खिडकीत त्या वेळी आलमबाग निवडलेलं आहे. मॉडेलने गुपचूप वर दोन नावं घुसवली, तर व्ह्यूच्या लेखी निवड अजून तिसऱ्याच क्रमांकावर असते, आणि तिथे आता कृष्णानगर आलेलं असतं. माणसाने निवडलं एक आणि उजळलं भलतंच!

म्हणून मॉडेलवर एक बंधन आहे: बदलाआधी सांगायचं आणि बदलानंतरही सांगायचं. ‘बिगिन-इन्सर्ट-रोज’ म्हणून शून्य ते एक या जागा जाहीर करायच्या, नावं घालायची, मग ‘एंड-इन्सर्ट-रोज’ म्हणायचं. पुढे दहा ते वीस या जागांसाठी पुन्हा तेच. एवढ्या दोन घोषणांनी निवड आपोआप पाचव्या क्रमांकावर सरकते आणि आलमबागच निवडलेलं राहतं. त्याच मॉडेलवर दुसरी खिडकी बेतलेली असेल, तर तीही त्याच क्षणी अचूक होते. दोन्ही खिडक्यांना एकमेकींची खबरसुद्धा नसते.

क्यूटी पायथनमधूनही वापरता येतं. आपल्या गावाच्या बसथांब्यांची यादी घ्या, दोन प्रश्नांची उत्तरं लिहा, मग मध्येच एक थांबा वाढवून पाहा. यादीने काय लक्षात ठेवायचं आणि काय विचारून घ्यायचं, हे ठरवण्यातला आनंद त्या पंधरा-वीस ओळींतच समजेल.