रत्नागिरीचे सडे : आठ महिन्यांचे वाळवंट

रत्नागिरी जिल्ह्यात समुद्र आणि सह्याद्री यांच्यामध्ये जांभ्याच्या सपाट माथ्यांची रांग उत्तर-दक्षिण पसरली आहे. शास्त्री, काजळी, मुचकुंदी, अर्जुना या नद्यांनी आणि त्यांच्या खाड्यांनी तिचे तुकडे पाडले. त्यातला प्रत्येक तुकडा म्हणजे एक सडा. खालच्या वाडीत माड-पोफळी आणि थोडी चढण चढून गेले की नुसता काळपट कातळ!

या कातळाचे मूळ सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्यात आहे. त्यापासून झालेला बेसाल्ट उष्ण, दमट हवेत लाखो वर्षे कुजत गेला. सिलिका वाहून गेली, लोह आणि ॲल्युमिनियमची ऑक्साइडे मागे उरली. तोच जांभा. जमिनीखाली तो मऊ असतो, म्हणून त्याचे चिरे कापता येतात; उघड्यावर आला की टणक होतो. रत्नागिरीत वर्षाला ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तरी दिवाळीनंतर सडा कोरडा पडतो. जांभ्याच्या भोकांतून झिरपलेले पाणी खालच्या चिकणमातीच्या थरावर अडते आणि उतारावर झऱ्यांतून बाहेर येते. वाड्या त्या पाण्याजवळ वसल्या.

पावसाळ्यात मात्र याच कातळावर गेंद आणि सीतेची आसवे फुलतात. मातीत पोषण इतके कमी की सीतेच्या आसवांना सूक्ष्म कीटक पकडून गुजराण करावी लागते. दिपकाडी ही पांढऱ्या फुलांची कंदवर्गीय वनस्पती तर मुख्यतः कोकणातच आढळते.

सातबाऱ्यावर असा कातळ बहुधा ‘पोटखराब’, म्हणजे लागवडीस अयोग्य, म्हणून नोंदलेला असतो. महसुलाच्या हिशेबात ते बरोबरच आहे. पण माणसाने इथे फार पूर्वी काम केले आहे. कातळात कोरलेली चित्रे गुराख्यांना ठाऊक होती, लोक ती पांडवांची म्हणत. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि भूगोलाचे अभ्यासक सुरेंद्र ठाकूरदेसाई यांनी गेल्या दशकात गावोगाव फिरून त्यांचा पद्धतशीर शोध घेतला. राजापूर तालुक्यात कशेळीला सुमारे १८ मीटर लांबीचा हत्ती आहे आणि त्याच्या अंगावर इतर प्राण्यांच्या आकृती खोदल्या आहेत. बारसूत एका मानवाकृतीच्या दोन बाजूंना दोन वाघ आहेत. मोहेंजोदडोच्या एका मुद्रेवरही अशीच रचना दिसते, पण तेवढ्यावरून नाते जोडणे घाईचे ठरेल. देवीहसोळची आकृती भौमितिक आहे, तिचा अर्थ अजून लागलेला नाही. काही चित्रांत गेंडा आणि पाणघोडा ओळखले जातात. हे प्राणी आज कोकणात नाहीत, त्यामुळे चित्रांचे वय अभ्यासक मध्याश्मयुगापर्यंत मागे नेतात. कातळावरच्या रेषेचे थेट वय काढणे अवघड, म्हणून हा अंदाजच.

२०२२ मध्ये कोकणातील नऊ स्थळे युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत आली : रत्नागिरी जिल्ह्यातील उक्षी, जांभरूण, कशेळी, रुंढेतळी, देवीहसोळ, बारसू आणि देवाचे गोठणे, सिंधुदुर्गातील कुडोपी आणि गोव्यातील फणसायमळ. पुढच्याच वर्षी बारसूच्या सड्यावर तेलशुद्धीकरण प्रकल्पासाठी माती परीक्षण सुरू झाले आणि गावकऱ्यांचे मोठे आंदोलन झाले. प्रकल्पाची चर्चा गाजली. रोजचे नुकसान तसे गाजत नाही. चिऱ्यांच्या खाणी सडा थराथराने खाली नेतात. हापूसच्या बागांसाठी कातळात सुरुंगाने खड्डे घेऊन त्यांत बाहेरची माती भरतात. चित्रे असलेल्या जमिनी अनेक ठिकाणी खासगी मालकीच्या आहेत. त्यामुळे जतनाचे काम मालकाच्या संमतीवाचून पुढे सरकत नाही.