बांधीत पाणी ठेवावं की सोडावं?

विदर्भातल्या सेलूत शेतीचा विषय निघाला की कापूस, सोयाबीन, तूर, बोर धरणाचं पाणी आणि एकेकाळी नाव कमावलेली केळी, एवढं सगळं बोलण्यात येतं. धान येत नाही. ताटात भात मात्र रोजचा असतो आणि तो बहुतेक येतो पूर्वेच्या झाडीपट्टीतून, म्हणजे भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीतून. त्यामुळे दूषित मातीतून दाण्यात जड धातू किती उतरतात, हा प्रश्न धान पिकवणाऱ्याचा जेवढा, तेवढाच किराणा दुकानातून पाच-दहा किलो नेणाऱ्या सेलूकराचाही. झाडीपट्टीच्या तांदळावर सरसकट शिक्का मारणं अन्यायाचं होईल. पण जिथे शंकेला जागा आहे, तिथे डोळे मिटून बसणंही परवडणारं नाही.

या विषयातला सर्वांत महागडा धडा जपानने घेतला. तिथल्या कामिओका खाणीतून जस्त आणि शिसं निघायचं. त्या धातुकाबरोबर येणारं कॅडमियम जिंझू नदीत उतरलं आणि नदीच्या पाण्यावर पिकणाऱ्या तोयामाच्या भातखाचरांत साचत गेलं. तो भात वर्षानुवर्षं खाणाऱ्या माणसांची, त्यातही उतारवयातल्या बायकांची, मूत्रपिंडं निकामी झाली आणि हाडं इतकी ठिसूळ झाली की साध्या हालचालीनेही मोडू लागली. इताई-इताई या नावाने ओळखला जाणारा हा आजार प्रदूषणातून झाल्याचं जपान सरकारने 1968 मध्ये मान्य केलं. पुढे दूषित थर खाली गाडून वर स्वच्छ माती पसरण्याचं काम सुरू झालं. सुमारे 863 हेक्टर जमीन दुरुस्त व्हायला 2012 साल उजाडलं. आपल्याकडे दोन-अडीच एकरांच्या शेतकऱ्याला असा उपाय सुचवणं म्हणजे थट्टाच.

मग स्वस्तात काय करता येईल? त्यासाठी आधी धानाच्या मुळाशी काय घडतं ते पाहिलं पाहिजे. मूळ कॅडमियम काही हौसेने ओढत नाही. मँगेनीज आत घेण्यासाठी मुळात एक वाहक प्रथिन असतं, त्याच दाराने कॅडमियमही शिरतं. आर्सेनिकची वाट वेगळी. धानाला सिलिका फार लागते, तूस एवढं खरखरीत असतं ते तिच्यामुळेच. पाणी भरलेल्या बांधीतलं आर्सेनिक या सिलिकाच्याच वाटेने आत जातं, हे ओकायामा विद्यापीठातल्या जियान फेंग मा यांच्या गटाने 2008 मध्ये दाखवून दिलं. (आर्सेनिक काटेकोरपणे धातू नव्हे, उपधातू. पण विषाच्या पंगतीत त्याला कोणी वेगळं बसवत नाही.)

खरी गोम पुढेच आहे. बांधीत पाणी उभं राहिलं की मातीतला प्राणवायू संपतो. कॅडमियम गंधकाशी बांधलं जातं आणि मुळाच्या हाती लागत नाही. पण त्याच वेळी मातीतल्या लोहाच्या कणांना चिकटलेलं आर्सेनिक सुटून पाण्यात येतं. पाणी सोडून बांधी सुकवली की नेमकं उलट होतं: आर्सेनिक पुन्हा जखडलं जातं आणि कॅडमियम मोकळं होतं. म्हणून जपानमध्ये कॅडमियमच्या भागांत लोंबी निसवण्याच्या आधीचे आणि नंतरचे तीन-तीन आठवडे बांधीत पाणी ठेवायला सांगतात. आर्सेनिकच्या भागात हाच सल्ला घातक ठरेल. हल्ली पाणी आणि मिथेन वाचवण्यासाठी आलटून-पालटून ओलिताचा आग्रह धरला जातो. तो चांगलाच आहे, पण मातीत कॅडमियम आहे का, हे विचारल्याशिवाय नव्हे.

विदर्भाच्या आसपास हा प्रश्न पुस्तकी नाही. गोंदिया-गडचिरोलीला लागून असलेल्या छत्तीसगडच्या अंबागड चौकी भागात, कौडीकसा परिसरात, भूजलातलं आर्सेनिक 1999 मध्ये शास्त्रीय नियतकालिकात नोंदलं गेलं. पुढे 2005 मध्ये तिथल्या पाणी, माती, गाळ आणि तांदूळ या चारही गोष्टींत ते सापडल्याचा अभ्यास आला. इकडे नागपूरजवळ कोराडी-खापरखेडा वीजकेंद्रांची राख आहे. जुलै 2022 मध्ये खसाळ्याच्या राख तलावाचा बांध फुटला आणि राखेचं पाणी नाल्यांतून, शेतांतून नदीकडे धावलं. शहराचं सांडपाणी घेऊन निघालेली नाग नदी कन्हानमार्गे वैनगंगेला आणि पुढे गोसीखुर्दच्या जलाशयाला मिळते. त्या जलाशयाच्या पाण्यावर धान पिकतं.

सेलूची काळी माती या बाबतीत नशीबवान. ती चुनखडीयुक्त आणि अल्कधर्मी असते आणि अशा मातीत कॅडमियम सहसा जखडून राहतं. आम्लधर्मी मातीत चुना टाकण्यामागे हेच गणित आहे. आर्सेनिकवर मात्र चुन्याची मात्रा चालत नाही. तिथे सिलिका कामाची, कारण ती त्याच दारात गर्दी करून आर्सेनिकला मागे ठेवते. गोंदियाच्या राइस मिलांतून निघणारी तुसाची राख हा तिचा हाताशी असलेला साठा आहे. वीजकेंद्राच्या राखेतही सिलिका असते, पण तिच्याबरोबर काय-काय येतं हे तपासल्याशिवाय ती शेतात ओतणं म्हणजे आगीतून फुफाट्यात.

सर्वांत टिकाऊ वाट वाणांची दिसते. जपानच्या शास्त्रज्ञांनी कार्बन आयनांचा मारा करून कोशिहिकारी वाणाचं मँगेनीजचं ते दारच निकामी केलं. हे काम 2012 मध्ये प्रसिद्ध झालं. त्याच गुणाचं अकिताकोमाची आर हे वाण अकिता प्रांताने 2025 पासून शेतात आणलं. दादाजी खोब्रागडे यांनी चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेड या खेड्यात स्वतःच्या बांधीतून एचएमटी हा धान निवडून काढला, त्या मुलखाला वाण निवडीचं महत्त्व वेगळं सांगायला नको. फक्त आता निवडीच्या कसोट्यांत उतारा आणि चवीबरोबर दाण्यातला धातूही यायला हवा.

स्वयंपाकघराच्याही हातात थोडं आहे. भरपूर स्वच्छ पाण्यात शिजवून पेज काढून टाकली, म्हणजे भात वेळला, तर आर्सेनिकचा बराच वाटा निघून जातो. कॅडमियम मात्र असं सहज निघत नाही. आंतरराष्ट्रीय कोडेक्स मानकानुसार सडलेल्या तांदळात कॅडमियम किलोमागे 0.4 मिलिग्रॅमपेक्षा आणि असेंद्रिय आर्सेनिक 0.2 मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावं.

पण आपल्या मातीत हे धातू किती आहेत, हे शेतकऱ्याला कळणार कुठून? 2015 मध्ये सुरू झालेल्या मृदा आरोग्य पत्रिकेत बारा घटक तपासले जातात: नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबं, मँगेनीज, बोरॉन, सामू, क्षारता आणि सेंद्रिय कर्ब. कॅडमियम नाही, आर्सेनिक नाही, शिसं नाही. प्रत्येक गावात ही महागडी तपासणी करा, असं कोणी म्हणणार नाही. पण राख तलावांच्या भोवती, नाग-कन्हानच्या काठाने आणि छत्तीसगडच्या सीमेवरच्या गावांत तरी कृषी विभागाने त्या पत्रिकेत हे तीन रकाने वाढवावेत, आणि तेही पुढच्या रोवणीच्या आधी.