पर्लकोटा भरायच्या आत

उर्वरित महाराष्ट्रात शाळा जूनच्या मध्यावर उघडतात, विदर्भात आणखी आठ-पंधरा दिवसांनी. 2025 मध्ये राज्यात 16 जूनला घंटा झाली, विदर्भात 23 जूनला. कारण उन्हाचं. चंद्रपूरचा पारा मे महिन्यात 46-47 अंशांवर जातो आणि जूनही लगेच नरमत नाही. पण 26 ऑगस्ट 1982 रोजी याच चंद्रपुरातून वेगळ्या झालेल्या गडचिरोलीत, पार टोकाच्या भामरागड तालुक्यात, ही सवलत अंगाशी येते. तिथे इंद्रावती, पामुलगौतम आणि पर्लकोटा या नद्यांचा संगम आहे. पाऊस लागला की आधी गावोगावचे नाले अडतात, मग पर्लकोटेचं पाणी पुलावर चढतं. त्याआधी मुलं आणायची, ही आश्रमशाळेच्या शिक्षकांची दरवर्षीची धावपळ.

आश्रमशाळा म्हणजे राहण्या-जेवण्यासकट शाळा. मोहफुलं वेचून, मेमध्ये तेंदूपत्ता तोडून घरी रुळलेलं मूल पत्र्याची पेटी घेऊन येतं, ते दिवाळीपर्यंतसाठी. प्रवेशोत्सवात गुलाबाचं फूल मिळतं, गोडधोडही मिळतं. रात्री मात्र सहा वर्षांच्या पोराला आई हवी असते.

भामरागडजवळच्या हेमलकशाला हे पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे. बाबा आमट्यांनी 23 डिसेंबर 1973 रोजी तिथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला. डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांनी दवाखाना चालवला आणि 1976 मध्ये आश्रमशाळा उघडली. कार्यकर्ते पाड्यापाड्यांवर हिंडून माडिया आदिवासी आईबापांना गळ घालत. आणलेली मुलं जंगलवाटेनं सरळ घरी पळत. सहा वर्षांच्या मुलाला कित्येक कोस जंगल एकट्यानं पार करता येतं, याचं कौतुक शाळेच्या कुठल्याच रकान्यात मावत नाही, तिथे फक्त गैरहजेरी लागते. प्रकाश-मंदाकिनी आमट्यांची एक गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते. त्यांनी स्वतःची मुलं याच शाळेत, माडिया मुलांच्या शेजारी बसवली. दिगंत डॉक्टर झाले, अनिकेत अभियंता झाले आणि दोघंही हेमलकशाच्या कामातच आहेत. शाळेवर विश्वास ठेवा, असं पालकांना सांगण्याचा याहून खणखणीत मार्ग मला दिसत नाही.

खरी अडचण भाषेची. माडिया ही गोंडीच्या कुळातली, म्हणजे द्राविडी. मराठीशी तिचं नातं नाही. पहिलीतल्या मुलापुढे बाराखडी येते तेव्हा त्याला अक्षर आणि भाषा दोन्ही परकी असतात. अशा वेळी कामी येतं ते त्याच्याच गावचं चौथी-पाचवीतलं पोर. तेच दुभाषी, तेच ताई किंवा दादा, आंघोळीची जागा दाखवणारं आणि रडणाऱ्याला शेजारी झोपवणारं. त्याला नेतृत्व विकासाचं प्रमाणपत्र कोणी देत नाही.

प्रमाणपत्राच्या जागी आहे शालेय मंत्रिमंडळ. जुलैत अर्ज, चिन्हं, प्रचार, मतपत्रिका. अलीकडे मोबाइलवरच मतदानयंत्र. मग शपथविधी. दिवसाच्या शाळेत हा थाट बहुधा पंधरा ऑगस्टपर्यंत टिकतो. आश्रमशाळेत मात्र मुलं चोवीस तास राहतात, म्हणून खात्यांना काम असतं. भोजनमंत्र्याला कोठीतून निघणारी डाळ बघता येते. आरोग्यमंत्र्याचं खातं तर सर्वांत अवघड, कारण गडचिरोली हा हिवतापासाठी राज्यात कायम अग्रभागी राहिलेला जिल्हा आणि शाळा उघडते ती नेमकी डासांच्या मोसमात. कोण मच्छरदाणीबाहेर झोपलं, कोणाचं अंग तापलंय, हे अधीक्षकांच्या आधी शेजारच्या अंथरुणावरच्याला कळतं. मुख्यमंत्रिपदासाठी चुरस असते खरी, पण त्या पदाला करण्यासारखं फारसं काही नसतं. (मोठ्यांच्या राज्यकारभाराशी तुलना वाचकांनी आपल्या जबाबदारीवर करावी.)

एक विसंगती मात्र खटकते. याच जिल्ह्यातल्या धानोरा तालुक्यात मेंढा (लेखा) आहे. तिथली ग्रामसभा बहुमतानं नव्हे, सर्वसहमतीनं निर्णय घेते. एकाचाही विरोध असेल तर चर्चा पुढे चालू. याच रीतीनं त्या गावानं 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळवला, देशातल्या अगदी पहिल्या गावांत त्याची गणना होते. असा कारभार शेजारी असताना आपण आदिवासी मुलांना शिकवतो ते मंत्रालयाची नक्कल.

त्याच धानोऱ्यातल्या मोहगावच्या ग्रामसभेनं 2019 मध्ये स्वतःची गोंडी माध्यमाची शाळा काढली. नाव ठेवलं पारंपरिक कोया ज्ञानबोध संस्कार गोटूल. गोटूल ही गोंड-माडियांची तरुण पोरापोरींना समाजात वावरायला शिकवणारी जुनी संस्था, तेव्हा नाव उसनं नाही. शिक्षण विभागानं शाळा अनधिकृत ठरवली आणि प्रकरण उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेलं. परवानगीचा वाद कायद्याचा आहे, तो तिथे सुटेल. पण आधी घरची भाषा आणि तिच्या आधारानं पुढे मराठी, हा क्रम सरकारी आश्रमशाळेच्या पहिलीत लावायला कोणत्या निकालाची वाट पाहायची, ते मला उमगत नाही.